'अमिस्टाड' बघायला बसताय? मग असा बघा

स्पीलबर्गचा १९९७ चा 'अमिस्टाड' हा सिनेमा बघायचा असेल तर अडीच तासांपेक्षा जास्त वेळ हाताशी ठेवा आणि लहान मुलं झोपल्यावरच लावा, कारण मधे एक प्रसंग आहे, साखळीत बांधलेली जिवंत माणसं दगडांसकट समुद्रात लोटतात, तो पोरांसमोर नको.

सुरवात अजिबात चुकवू नका. अंधार, पाऊस, आणि रक्ताळलेली बोटं लाकडात रुतलेला खिळा उपसतायत... त्याच खिळ्याने साखळ्या सुटतात आणि मग ऊसतोडीचे कोयते हाती लागतात. क्यूबाजवळ जुलै १८३९ मधे खरंच झालेलं हे बंड आहे. अमिस्टाड नावाच्या जहाजावर गुलाम म्हणून नेले जाणारे ५३ आफ्रिकन, त्यात ४ लहान मुलं. बहुतेक जण आत्ताच्या सिएरा लिओनमधले मेंडे लोक, पुढारी सेंग्बे पिए, सिनेमात सिंके.

जहाज आफ्रिकेऐवजी अमेरिकेला कसं लागलं हे कळायला नकाशा उघडा. जहाज घरी न्यायला म्हणून जिवंत ठेवलेला स्पॅनिश माणूस दिवसा सूर्याच्या दिशेने पूर्वेला न्यायचा आणि रात्री गुपचूप उत्तरेकडे वळवायचा.

हे लोक गुलाम की मोकळे यावर अमेरिकेतल्या कोर्टाचा भाग सुरू झाला की बऱ्याच जणांना कंटाळा येतो, तेव्हा एकच गोष्ट डोक्यात ठेवा. आफ्रिकेतून नवे गुलाम आणायला स्पेनच्या कायद्यानेच बंदी होती, म्हणजे हे लोक क्यूबात जन्मलेले ठरले तर मालमत्ता आणि आफ्रिकेतले ठरले तर पळवून आणलेली मोकळी माणसं, म्हणून तर कागदांवर त्यांना खोटी स्पॅनिश नावं लावलेली. पण आम्ही कुठले हे ते सांगणार कसं, त्यांची भाषाच कोणाला येत नाही! शेवटी गिब्ज नावाचे येल विद्यापीठाचे प्राध्यापक त्यांच्याकडून १ ते १० आकडे शिकले आणि न्यूयॉर्कच्या गोदीत मोठ्याने म्हणत फिरले, मेंडे भाषा येणाऱ्या जेम्स कोवी नावाच्या खलाशाला ते कळेपर्यंत. हा भाग मागे नेऊन परत बघा, माझ्यासाठी अख्खा सिनेमा तिथेच आहे.

मॉर्गन फ्रीमनचं पात्र मात्र काल्पनिक आहे. आणि ९ मार्च १८४१ च्या निकालाने फक्त हेच लोक सुटले, अमेरिकेतली गुलामी पुढे १८६५ पर्यंत चालली.

बघून झाल्यावर मार्गरूबद्दल नक्की वाचा. त्या ४ मुलांमधली ती एक, मायदेशी परतली आणि नंतर शिकायला पुन्हा अमेरिकेत ओबर्लिन कॉलेजला आली.