खोट्या शिक्षकांवरील अध्याय शिकवताना या चुका टाळा

पेत्राच्या दुसऱ्या पत्राचा दुसरा अध्याय आणि यहूदाचे पत्र यांत मिळून अवघी 47 वचने आहेत. पाऊण तासात ती दोनदा वाचून होतात. तरीही बायबल अभ्यासवर्गांत आणि तरुणांच्या सभांत या वचनांचा जितका गैरवापर होतो, तितका नव्या करारातील फार थोड्या भागांचा होत असेल. मोबाइलवर ‘खोटे शिक्षक’ असे शोधायचे, समोर येणारी वचने एका कागदावर उतरवायची आणि त्याच रविवारी संदेश द्यायचा, ही पद्धत आता रूढ झाली आहे. अशा तयारीतून निघणाऱ्या चुकाही ठरलेल्याच असतात.

पहिल्याच वचनावर थांबणे

सर्वांत मोठी चूक हीच. पेत्राच्या पत्रातील या अध्यायाच्या पहिल्या वचनात पाखंडी मतांचा उल्लेख आहे. नवा वक्ता तेवढा उचलतो आणि उरलेला वेळ शेजारच्या मंडळीचा (चर्चचा) बाप्तिस्मा कसा चुकीचा, अमक्या पंथाची उपासना कशी अशास्त्रीय, याची यादी वाचण्यात घालवतो. प्रत्यक्षात पुढचा जवळजवळ सगळा अध्याय मतांविषयी नसून माणसांच्या वागण्याविषयी आहे. हे शिक्षक लोभापायी बनावट शब्दांनी लोकांकडून लाभ उकळतात (वचन 3), देहवासनेच्या मागे लागून अधिकार तुच्छ मानतात (10), मंडळीबरोबर जेवायला बसून दिवसाढवळ्या चैन करतात (13), त्यांचे डोळे व्यभिचाराने भरलेले आणि अंतःकरण लोभाला सरावलेले असते (14), आणि चुकीच्या मार्गातून नुकत्याच सुटलेल्या दुबळ्या माणसांना ते फुगीर भाषणांनी पुन्हा जाळ्यात ओढतात (18). यहूदाचे पत्रही हेच सांगते. तिथे हे लोक प्रीतिभोजनांत बेधडक बसून स्वतःचेच पोट भरतात आणि लाभासाठी माणसांची खुशामत करतात.

काही वर्षांपूर्वी एका मंडळीत उज्जीवन सभांसाठी बाहेरगावचा वक्ता बोलावला होता. त्याला बोलावण्यापूर्वी वडीलमंडळाने (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांनी) त्रैक्य, पुनरुत्थान, पवित्रशास्त्राचा अधिकार यांवर त्याला बारकाईने प्रश्न विचारले होते आणि त्याची सगळी उत्तरे बिनचूक होती. पहिल्याच संध्याकाळी तो ज्या घरी उतरला होता, तिथे जेवण बेताचे आहे म्हणून त्याने यजमानीणबाईंना सर्वांसमोर बोल लावले. दुसऱ्या दिवशी ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्या मुलाला त्याने व्यासपीठावरूनच अपमानित केले. त्यानंतरच्या सभेत ‘विश्वासाचे बी पेरा’ म्हणत त्याने पाकिटे फिरवली आणि एका निवृत्त परिचारिकेने हातातल्या बांगड्या काढून पाकिटात घातल्या. स्वयंपाकघरात राबणाऱ्या एका बाईंनी वडीलमंडळातील एकाला बाजूला घेऊन विचारले, “दादा, हा माणूस जेवताना कसा बोलतो, ते तुम्ही कोणी ऐकलंत का?” त्यावर उत्तर मिळाले की, त्याचे शिक्षण तर शुद्ध आहे. त्याच आठवड्यात, त्याच मंडळीच्या तरुणसंघात, एका उत्साही मुलाने पेत्राचा हाच अध्याय घेऊन पलीकडच्या गल्लीतील मंडळीवर तासभर टीका केली. वचन 3 आणि 14 त्याच्या कागदावर नव्हती. बांगड्या परत मिळाल्या नाहीत.

म्हणून हा अध्याय शिकवण्यापूर्वी मी दोन रकाने आखतो: एका बाजूला या लोकांची मते, दुसऱ्या बाजूला त्यांचे वागणे. प्रत्येक वचन योग्य रकान्यात लिहून काढतो. मतांच्या रकान्यात स्वामीला नाकारणे आणि तिसऱ्या अध्यायातील प्रभूच्या येण्याची थट्टा एवढेच ठळकपणे येते. दुसरा रकाना भरून वाहतो. हे काम कंटाळवाणे आहे, आणि ज्याला ते करण्याचा धीर नाही त्याने हा अध्याय तूर्त शिकवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

याचा अर्थ मतांना महत्त्व नाही असा नव्हे. न्यायाचा दिवस येणारच नाही असे ठरवले की देहाला मोकळे रान मिळते, आणि यहूदाच्या चौथ्या वचनाप्रमाणे देवाच्या कृपेचेच स्वैराचारात रूपांतर होते. हे शिक्षक स्वातंत्र्याचे वचन देतात आणि स्वतः मात्र भ्रष्टतेचे दास असतात, हे पेत्राच्या पत्रातील वाक्य (2:19) मत आणि चारित्र्य एकत्र बांधते.

बलामाला गाढवीच्या गोष्टीत अडकवणे

दोन्ही पत्रे जुन्या करारातील बलाम या द्रष्ट्याचे नाव घेतात आणि प्रकटीकरणातही पर्गमच्या मंडळीला त्याच्या शिक्षणाविषयी ताकीद मिळते. वर्गात मात्र बलाम म्हटले की बोलणारी गाढवी एवढेच सांगितले जाते. गणना या पुस्तकाचे 22 ते 24 हे अध्याय सलग वाचावेत. इस्राएलाला शाप देण्यासाठी बोलावणाऱ्या मवाबाच्या राजा बालाकाने घरभर सोनेरूपे दिले तरी देवाची आज्ञा मोडणार नाही, असे बलाम म्हणतो. तो इस्राएलाला शाप देत नाही, आशीर्वाद देतो. याकोबातून उदय पावणाऱ्या ताऱ्याची वाणीही त्याचीच. त्याच्या तोंडचे शब्द तपासले तर दोष सापडत नाही. पण त्याच पुस्तकाच्या 31:16 मध्ये कळते की पौराच्या प्रकरणात (मवाबी स्त्रियांच्या मागे लागून परक्या दैवताची भक्ती करण्यात) इस्राएलाला पापात पाडण्याचा सल्ला त्याचाच होता, आणि 25 व्या अध्यायाप्रमाणे त्यामुळे आलेल्या मरीत 24,000 लोक मेले. त्याला अधर्माचे वेतन प्रिय होते, असे पेत्राचे पत्र म्हणते. वर सांगितलेल्या वडीलमंडळाने बलाम नीट अभ्यासला असता, तर बिनचूक उत्तरांवर ते इतके निश्चिंत राहिले नसते.

भोजनाची मेज विसरणे

हे शिक्षक सभागृहातले पाहुणे वक्ते नव्हते. मंडळ्या घरांत जमत, एकत्र जेवत आणि फिरत्या शिक्षकांना घरी उतरवून घेत. म्हणून माणूस कसा आहे हे घरात आणि ताटावर कळत असे. ‘बारा प्रेषितांची शिकवण’ हे छोटे पुस्तक इथे फार उपयोगी पडते. ते साधारणपणे पहिल्या शतकाच्या अखेरीचे किंवा दुसऱ्याच्या आरंभीचे मानले जाते. त्याची 1056 सालची हस्तलिखित प्रत ग्रीक धर्मपंडित फिलोथेओस ब्रायेनिओस यांना 1873 मध्ये कॉन्स्टँटिनोपलमध्ये सापडली. त्याच्या अकराव्या अध्यायातील कसोट्या रोखठोक आहेत. येणाऱ्या प्रेषिताने एक दिवस, गरज पडल्यास दोन दिवस राहावे. तीन दिवस राहिला तर तो खोटा संदेष्टा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकरी घ्यावी. पैसे मागितले तर तो खोटा. सत्य शिकवूनही ते आचरत नसेल, तरी खोटा. मात्र इतर गरजूंसाठी कोणी मागत असेल, तर त्याचा न्याय करू नये. बाराव्या अध्यायाप्रमाणे, ज्याला तिथेच स्थायिक व्हायचे असेल त्याने काम करून खावे. मिलेत येथे इफिसच्या वडिलांचा निरोप घेताना पौलानेही, तुमच्यातूनच काही माणसे उठतील असा इशारा देऊन, स्वतःविषयी पुरावा म्हणून आपले हातच पुढे केले: मी कोणाच्या सोन्यारुप्याचा लोभ धरला नाही, या हातांनी गरजा भागवल्या (प्रेषितांची कृत्ये 20).

थोडक्यात आणखी काही

प्रत्येक खोट्या शिक्षकाला ‘नॉस्टिक’ (गुप्त ज्ञानाने तारण मिळते असे मानणाऱ्या पंथांचा) म्हणू नये. दुसऱ्या शतकातल्या पंथांची विकसित मते या पत्रांवर लादल्याने पत्रांचे स्वतःचे म्हणणे हरवते.

यहूदा आणि पेत्राचा दुसरा अध्याय शेजारी शेजारी ठेवून वाचावेत. साम्य डोळ्यांत भरते, आणि जुन्या करारातील नावांपैकी काईन व कोरह फक्त यहूदात, तर नोहा व लोट फक्त पेत्रात, हेही दिसते.

पत्र कोणी लिहिले या वादात अख्खा वर्ग घालवू नये.

यहूदाची 22 आणि 23 ही वचने गाळू नयेत. संशयात पडलेल्यांवर दया करा, काहींना अग्नीतून ओढून काढा, असे तिथे सांगितले आहे. फसलेल्या माणसाला फसवणाऱ्याच्या रांगेत उभे करणारे वक्ते इथवर वाचतच नाहीत.

आणि हा भाग शिकल्यावर प्रत्येक पाळकाच्या मानधनाकडे संशयाने पाहणे ही उलट बाजूची चूक आहे. त्याच ‘शिकवणी’च्या तेराव्या अध्यायाप्रमाणे खरा संदेष्टा आपल्या अन्नाला पात्र आहे, आणि द्राक्षकुंड, खळे, बैल व मेंढरे यांचे प्रथमफळ त्याला द्यायचे आहे, मंडळीत संदेष्टा नसेल, तर ते गरिबांना द्यायचे आहे.