लिफ्ट आणि मोठे टायर लावल्यावर फोर बाय फोरचे ब्रेक ताळ्यावर कसे आणायचे

टायर मोठे टाकले, गाडी दोन इंच उचलली आणि आता ब्रेकच लागत नाहीत म्हणून लोक लगेच सहा पिस्टनचे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) शोधायला लागतात. थांबा जरा. २९ इंची टायरच्या जागी ३३ इंची आला की तेवढ्याच दाबाला रस्त्यावर मिळणारा ब्रेक साधारण १२ टक्क्यांनी कमी होतो, वर टायरचं वजनही वाढतं, म्हणजे फरक जाणवणारच. पण पेडल तळाला जातंय किंवा गाडी थांबतच नाही, हे टायरमुळे होत नाही, तिथे काहीतरी बिघडलंय आणि बिघाड तसाच ठेवून वर महाग किट चढवलं तर बिघाड तसाच राहतो, खिसा तेवढा रिकामा होतो.

म्हणून आधी पेडल काय सांगतंय ते बघा. मऊ लागतंय आणि दोनतीनदा मारल्यावर वर येतंय, तर लाइनीत हवा आहे नाहीतर मागच्या ड्रमचे शू (ड्रमला आतून घासणारे पट्टे) सैल झालेत. दाबून धरल्यावर हळूहळू खाली सरकतंय आणि बाहेर कुठेच गळती नाही, तर मास्टर सिलिंडरची (पेडलच्या जोराने ऑइलवर दाब टाकणारा भाग) आतली सीलं गेली. पेडल दगडासारखं घट्ट पण गाडी थांबत नाही, तर बूस्टर (पायाच्या जोराला मदत करणारा भाग) बघा: इंजिन बंद ठेवून पेडल चारपाचदा मारा, मग दाबून धरून स्टार्टर मारा, पेडल थोडं खाली गेलं पाहिजे.

एकच चाक तापतंय किंवा ओढतंय तर ते उचला, ब्रेक मारून सोडा आणि चाक अडकलं की त्याचं निपल (ब्रेकमधली हवा काढायचा छोटा स्क्रू) उघडा. दाब सुटून चाक मोकळं झालं तर बहुतेक वेळा रबरी पाइप आतून फुगलेला निघतो, ऑइल जातं पण परत येत नाही. तरीही अडकलेलंच असेल तर पिस्टन जाम आहे किंवा कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिनांत चिखल बसलाय.

पॅड चांगले घ्या, डिस्कवर छापलेली किमान जाडी संपली असेल तर डिस्क बदला. भोकं पाडलेल्या डिस्क चिखलात नकोत, भोकं बुजतात आणि तिथूनच तडे जातात. ब्रेक ऑइल डॉट ४ किंवा ५.१ (डॉट म्हणजे ऑइलची प्रत). डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, ते यात अजिबात मिसळायचं नाही, नुसत्या आकड्यावर जाऊन घेऊ नका. ऑइल दरवर्षी-दोन वर्षांनी बदलाच, कारण ते हवेतलं पाणी ओढतं: नवं डॉट ४ निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी धरल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत घसरते आणि लांब उतारावर तेवढं तापायला वेळ लागत नाही.

आता खरी गोची, जिथे मीही बराच काळ डोकं आपटलंय. बऱ्याच गाड्यांना मागे लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो, चेसिसवर बसवलेला आणि एका दांडीने मागच्या ॲक्सलला जोडलेला. मागे वजन पडलं की गाडी बसते, दांडी हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. तुम्ही लिफ्ट बसवली की चेसिस आणि ॲक्सलमधलं अंतर वाढलं, म्हणजे व्हॉल्व्हच्या लेखी गाडी कायमची रिकामी. मग मागचे ब्रेक नावाला उरतात, सगळा भार पुढच्यांवर, ब्रेक मारला की नाक खाली, पुढचे पॅड जळतात आणि मालक म्हणतो पॅड खराब दिले.

उपाय साधा आहे, ॲक्सलकडचं दांडीचं ब्रॅकेट लिफ्टएवढंच वर घ्यायचं, दांडीचा कोन पहिल्यासारखा आला पाहिजे (लिफ्टच्या आधी फोटो काढून ठेवा, नंतर कोणाला आठवत नाही). व्हॉल्व्ह काढून टाका किंवा दांडी तारेने वर बांधा असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. रिकाम्या गाडीची मागची चाकं ओल्या उतारावर आधी लॉक होतात, गाडी फिरते आणि मग स्टिअरिंग काही कामाचं नाही.

ब्रेकच्या लाइनीतली हवा काढतानाही हाच व्हॉल्व्ह नडतो. चेसिसखाली स्टँड लावून ॲक्सल लोंबकळत ठेवलं की व्हॉल्व्ह जवळपास बंद असतो, तुम्ही कितीही पंप मारा, मागची हवा निघतच नाही, पेडल मऊ ते मऊच. स्टँड ॲक्सलखाली लावा, गाडीचं वजन ॲक्सलवर येऊ द्या, मग निपलं सोडा. व्हॉल्व्हला स्वतःचं निपल असेल तर तेही सोडायचं. चाकांचा क्रम मॅन्युअलप्रमाणे, बहुतेक गाड्यांत मास्टरपासून सगळ्यात लांबचं आधी. नळी निपलवरून आधी वर जाऊन मग बाटलीत उतरू दे आणि पेडल सुटायच्या आत निपल बंद झालं पाहिजे, त्यामुळे आत बसणाऱ्याने तुम्ही ‘सोड’ म्हणेपर्यंत पाय हलवायचा नाही. जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, नाहीतर सील न वापरलेल्या गंजक्या भागावर जाऊन फाटतं. ब्रेक ऑइलची टाकी रिकामी होऊ देऊ नका, एबीएसच्या (चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) युनिटात हवा शिरली तर ती काढायला बऱ्याचदा स्कॅनर लागतो.

एवढं करूनही मऊच? कॅलिपर उघडले असतील तर डावा-उजवा उलटा बसला नाही ना बघा. निपल वरच्या बाजूला हवं, खाली गेलं तर वरची हवा तिथेच राहते.

रबरी पाइप लिफ्टला पुरतात का ते ॲक्सल पूर्ण लोंबवून आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून बघा, ताणले जात असतील तर लांब पाइप टाका.

पहिली चाचणी सपाट मोकळ्या जागेत, हळू वेगात. मग नवे पॅड डिस्कवर नीट रुळावेत म्हणून ६० वरून १० पर्यंत आठदहा वेळा ब्रेक, पूर्ण न थांबता, आणि नंतर ब्रेक न मारता थोडं चालवून गार होऊ द्या. मागे ड्रम असतील तर चिखलातून आल्यावर ते उघडून धुवायचे, बाहेरून पाण्याचा फवारा मारून आतली माती निघत नाही.