आधी तळवे, मग पाणी: अवघड पीएमची (शवविच्छेदनाची) तयारी

ग्रामीण रुग्णालयात बॉण्डवर, म्हणजे शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेत, नव्याने आलेल्या डॉक्टरांसाठी हे लिहितोय. ट्रक अंगावरून गेलेल्या केसमध्ये तुम्हाला माझी गरज नाही. अंगावर धड खरचटलेलंही नाही, हवालदाराच्या कागदावर ‘अकस्मात मृत्यू’ एवढंच आहे आणि दाराबाहेर चाळीस माणसं “डॉक्टर, लवकर उरका” म्हणत उभी आहेत, अशा केसची ही तयारी. मी ती एकदा केली नव्हती.

जानेवारी होता. पन्नाशीचा शेतकरी, रात्री गव्हाला पाणी द्यायला गेलेला, सकाळी बांधावर सापडला. घरचे म्हणाले, पान लागलं, म्हणजे साप चावला. अंग चिखलाने भरलेलं. मी पोचेपर्यंत परिचराने बादलीभर पाणी मारून छाती-पोट स्वच्छ करून ठेवलं होतं. पाय तसेच होते. मी सापाच्या दातांच्या खुणा शोधत पायाच्या वरच्या बाजूने गेलो, घोट्याजवळ दोन खरचटे मिळाले, तेवढ्यावर समाधान मानलं. पाऊल उलटं करून पाहिलं नाही. व्हिसेरा, म्हणजे विषाच्या तपासणीसाठी अवयवांचे तुकडे, राखला, मृत्यूच्या कारणाबद्दलचं मत राखून ठेवलं, सही केली. काही महिन्यांनी सीए (रासायनिक विश्लेषकाचा) रिपोर्ट आला, विष आढळलं नाही. तोवर गावात वेगळीच कुजबुज सुरू झाली होती. शेजारच्या शिवारात रानडुकरांसाठी तारेत वीज सोडलेली असायची. पोलिसांचं पत्र आलं: मृत्यू विजेच्या धक्क्याने झाला असणे शक्य आहे काय? माझ्या रिपोर्टात पायांबद्दल एकच ओळ होती, ‘दोन्ही पाय चिखलाने माखलेले’. मयताची राख नदीत जाऊनही महिने झाले होते.

म्हणून पहिली गोष्ट, आणि ही मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे: पाणी ओतायच्या आधी तळवे. दोन्ही पायांचे, दोन्ही हातांचे. परिचराला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की तुम्ही येईपर्यंत बादलीला हात लावायचा नाही. तो चांगल्या मनानेच धुतो, पण धुतोच.

आत जाण्याआधी इन्क्वेस्ट पंचनामा, म्हणजे पोलिसांनी जागेवर प्रेत पाहून केलेला, वाचा. शेवटचा परिच्छेद नव्हे, सगळा. 1 जुलै 2024 पासून तो जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 174 ऐवजी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 खाली येतो, मजकूर मात्र पूर्वीइतकाच त्रोटक असतो. त्यात नसलेलं तुम्ही विचारायचं. प्रेत पहिल्यांदा कोणी पाहिलं, कुठे, आणि पंचनाम्याच्या वेळी ते त्याच जागी होतं का? चपला कुठे होत्या? शेतीपंपाची थ्री फेज लाइन त्या रात्री किती वाजता आली? माणूस कशाला गेला होता, मोटर चालू करायला की दारं धरायला, म्हणजे वाफ्यांत पाणी वळवायला? माझ्या केसमध्ये हे चार प्रश्न विचारले असते तर साप पहिल्या दोन मिनिटांत मागे पडला असता. भर थंडीत पहाटे पान लागलं म्हणतात तेव्हा साप नसतोच असं नाही, पण कान टवकारायला हवे होते. नातेवाईक बहुधा खोटं बोलत नसतात, त्यांना सुचलेलं पहिलं कारण सांगतात. ते ऐकायचं, लिहून घ्यायचं आणि आत जाताना बाहेरच ठेवायचं.

विवाहाला सात वर्षं झालेली नसलेली स्त्री असेल किंवा कोठडीतला मृत्यू असेल, तर थांबा. तिथे दंडाधिकारी, व्हिडिओ चित्रीकरण असे वेगळे नियम आहेत. वरिष्ठांना फोन करा, हिरो होऊ नका.

उजेड. नोव्हेंबर 2021 मध्ये केंद्राने सूर्यास्तानंतरच्या पीएमला परवानगी दिली, पण सोयी असलेल्या ठिकाणी, आणि खून, आत्महत्या, बलात्कार, कुजलेले प्रेत, घातपाताचा संशय हे सगळं सर्वसाधारणपणे वगळून. आपल्या पीएम रूममधला एक पिवळा बल्ब म्हणजे सोय नव्हे. सकाळपर्यंत थांबा, शिव्या खा.

सामान. हातमोजे, ब्लेड, सुईदोरा याबद्दल बोलत नाही. टॉर्च आणि भिंग मात्र स्वतःचं न्या. विजेची खूण बरेचदा मसुराच्या डाळीएवढी असते: मध्ये खड्डा, कडा उचललेल्या, भोवती फिकट कडं, कधी काळपट ठिपका. भेगाळलेल्या तळव्यात ती भोवऱ्यासारखी किंवा जुन्या काट्याच्या जागेसारखी दिसते. भिंगाशिवाय मला ती आजही दिसणार नाही. फोटोसाठी मोजपट्टी खुणेशेजारी ठेवायची. रुंद तोंडाच्या बरण्या, जाडं मीठ, फॉर्मलिन, रक्तासाठी करड्या टोपणाच्या सोडियम फ्लोराइडच्या नळ्या, लेबलं, सीलसाठी लाख. मिठाचं द्रावण संपृक्त हवं, म्हणजे ढवळूनही तळाशी मीठ उरलं पाहिजे. विषाच्या तपासणीचा व्हिसेरा मिठाच्या पाण्यात, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे तुकडे दहा टक्के फॉर्मलिनमध्ये. उलट केलंत तर दोन्हीकडून गेलात. बरण्यांवर आधीच लेबलं लावा, प्रेत उघडल्यावर नाही. बरणी दोन तृतीयांशच भरायची, गॅस धरतो. आणि त्याच मिठाच्या पाण्याची एक वेगळी बाटली, नुसतं द्रावण, हेही जातं. नाही पाठवलं तर द्रावणातच काही नव्हतं हे कोणी सांगायचं?

आता क्रम. कपडे अंगावर असतानाच पाहा. कापू नका, उतरवा. ओले असतील तर सावलीत वाळवून कागदात बांधा, प्लास्टिकच्या पिशवीत कुजतात. खिसे तपासा. मग तळवे. चिखल आहे? आधी चिखलाचा फोटो, मग त्यातला थोडा खरवडून कोरड्या डबीत. चिखल हाही पुरावाच असतो. बांधावर सापडलेल्या माणसाच्या पायाला काळ्या रानाची माती आणि बांध मुरमाचा, असं झालं तर त्याला कोणीतरी उचलून आणलंय. मग ओल्या कापसाने हळूच पुसा. बोटांच्या मधल्या बेचक्या, टाच, अंगठ्याखालचा उंचवटा. हाताच्या मुठी ताठरल्या असतील तर उघडून, बोटांच्या आतल्या पेरांवर पाहा, कारण तार धरलेली असते ती तिथेच. मग नडग्या. कुंपणाची तार नडगीला किंवा मांडीला आडवी लागते, खूण रेषेसारखी येते, आणि ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या माणसात वीज तळव्यातून बाहेर पडते. नडगी आणि तळवा दोन्हीकडे खूण असेल तर कुंपणाचा विचार आधी करा. नुसता हात आणि तळवा असेल तर मोटरची पेटी, स्टार्टर, ओला हात. पाण्यात बुडालेल्या अंगाला धक्का बसला तर खूण मुळीच नसू शकते. म्हणून “खूण आढळली नाही” असं लिहा, “धक्का बसला नाही” असं लिहू नका.

हे एवढं का ताणतोय? कारण तुम्ही लिहायचं असतं मृत्यूचं कारण, प्रकार, म्हणजे अपघात, आत्महत्या की घातपात, ठरवतो तपास आणि कोर्ट. स्वतःच्या स्टार्टरचा धक्का आणि शेजाऱ्याच्या चोरट्या तारेचा धक्का, आतून दोन्ही सारखेच. हृदय सारखं, फुप्फुसं सारखी, रक्त सारखं. एक अपघात, दुसऱ्यात माणूस आत जाऊ शकतो, भारतीय न्याय संहितेच्या 105 (सदोष मनुष्यवध) किंवा 106 (निष्काळजीपणाने मृत्यू) खाली. हा फरक तुमच्या सुरीला सापडत नाही. तो खुणेच्या जागेत आणि पायाच्या मातीत असतो, आणि तो तुम्ही बादलीने धुता. खुणेचा तुकडा भोवतालच्या चांगल्या कातडीसकट फॉर्मलिनमध्ये घ्या.

आणि पन्नाशीच्या माणसाच्या रक्तवाहिन्या उघडल्यात की थोडं अरुंदपण सापडणारच. ते दिसलं की हात आपोआप ‘हृदयविकार’ लिहायला जातो. लिहा, पण तळवे पाहून झाल्यावर.

साप खरोखर असेल तर. मण्यारीच्या दातांच्या खुणा डोळ्यांना जवळजवळ दिसत नाहीत, सूजही नसते. जमिनीवर झोपलेला माणूस, पहाटे पोटात दुखतंय म्हणाला, पापण्या मिटायला लागल्या, श्वास गेला, ही गोष्ट घरच्यांकडून ऐकायला मिळते, प्रेतावर नाही. घोणस, फुरसं असेल तर सूज आणि रक्तस्राव बोलतात. संशयित जागेची कातडी काढा आणि तुलनेसाठी विरुद्ध बाजूचीही. नेहमीच्या व्हिसेरा तपासणीत सापाचं विष सापडेल या भरवशावर राहू नका, मी राहिलो होतो.

बाथरूममध्ये सापडलेली तरुण माणसं, दार आतून बंद, भिंतीवर गॅस गिझर. कार्बन मोनॉक्साइड. प्रेताचे डाग, म्हणजे मृत्यूनंतर रक्त खालच्या बाजूला साठून पडणारे, चेरीसारखे लालसर असतात, पण सावळ्या कातडीवर ते फसवतात, नखं, ओठ आणि आतले अवयव पाहा. शवागारातून आलेलं थंड प्रेतही गुलाबी दिसतं, म्हणून रंगावर जाऊ नका, रक्त पाठवा. रक्त मांडीच्या शिरेतून घ्या, छातीतलं सांडलेलं चमच्याने नको.

गळफास की गळा आवळलेला, इथे एकच सांगतो: मान सगळ्यात शेवटी. आधी कवटी आणि छाती उघडा, रक्त निथळू द्या, मग मानेचे थर एकेक करून उचला. नाहीतर तुमच्याच सुरीने रक्त पसरतं आणि ते मार लागल्यासारखं दिसतं. दोरी गाठीसकट पाठवा, गाठ सोडायची नाही, कापायची ती गाठीपासून लांब.

जळालेल्यात श्वासनलिकेत काजळी पाहा, जिवंतपणी जळाल्याची ती साक्ष. मुठी आवळून मारामारीच्या पवित्र्यात असलेलं प्रेत मारामारी सांगत नाही, उष्णतेने स्नायू आखडतात. विहिरीतल्यात डायटमसाठी (पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ) छातीच्या किंवा मांडीच्या हाडातली मज्जा आणि त्याच विहिरीचं पाणी, वेगवेगळं. हवालदाराला पाणी आणायला तेव्हाच पाठवा, नंतर टँकरचं येतं.

पोटातून लसणासारखा वास आला तर सल्फासचा, म्हणजे धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्यांचा, विचार करा आणि खिडक्या उघडा, तो वायू तुम्हालाही लागतो. फवारणीच्या मोसमात मात्र पोट रिकामंच मिळू शकतं; 2017 साली यवतमाळमध्ये फवारताना विषबाधा होऊन शेतकरी गेले. विष कातडीतून आणि श्वासातून जातं. अशा वेळी कपडे, आणि पुन्हा हात-पाय.

वीज पडली असेल तर अंगावर नेच्याच्या पानासारखी नक्षी दिसू शकते, ती काही तासांत विरते, म्हणून फोटो आधी. चेन, करगोट्याचं कडं, नाणी वितळलीत का पाहा.

पोट, आतडं, यकृत, दोन्ही मूत्रपिंडांचा अर्धा भाग हे पाठ असेलच. हृदय पूर्ण पाठवा, सूक्ष्मदर्शकाच्या तपासणीला, फॉर्मलिनमध्ये. मेंदूचा तुकडा विसरू नका. फॉर्मवर कशाचा संशय आहे ते लिहा, ‘विष’ एवढंच नको, प्रयोगशाळा सगळ्या जगाची विषं तपासत बसत नाही.

सील. सीलचा नमुना कागदावर. बरण्या हवालदाराच्या ताब्यात, पावती घ्या. न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत तो कधी पोचवणार ते विचारून ठेवा, नाहीतर बरण्या ठाण्याच्या कपाटात पडून राहतात. मत राखून ठेवलंत तर का, ते एका ओळीत लिहा. फोटोंची एक प्रत स्वतःकडे नको, रुग्णालयाच्या रेकॉर्डला. तळव्यांचा फोटो त्यात आहे ना, प्रेत बांधायच्या आधी बघा. आणि हवालदाराचा बक्कल नंबर लिहून घ्या.