रात्री ऑक्सिजन उतरतो तेव्हा: सीओपीडीच्या घरात होणाऱ्या चुका

सीओपीडी म्हणजे श्वासनळ्या अरुंद होण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार. अशा पेशंटच्या बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर दुपारी रक्तातला ऑक्सिजन ९२ टक्के आला की घरचे निर्धास्त होतात. पण जागेपणीचा आकडा रात्रीची हमी देत नाही. स्वप्नांच्या झोपेत बरगड्यांमधले स्नायू सैल पडतात आणि श्वासाचा सगळा भार श्वासपटलावर, म्हणजे छाती आणि पोटामधल्या स्नायूच्या पडद्यावर येतो. सीओपीडीत फुप्फुसांत हवा अडकून राहते, त्यामुळे हे श्वासपटल आधीच चपटं झालेलं असतं. शिवाय ९०-९२ वर असलेल्या माणसाचा श्वास जरा उथळ झाला तरी आकडा झपकन घसरतो. ९७ असलेल्याचा तेवढ्याने फारसा हलत नाही.

मग काहीजण मध्यरात्री पेशंटला उठवून बोट तपासतात. त्याचा उपयोग नाही. जाग आली की श्वास खोल होतो आणि आकडा वर चढतो. सकाळी डोकं जड, दिवसा पेंग, पायांवर सूज असेल तर रात्रभर नोंद ठेवणाऱ्या ऑक्सिमीटरबद्दल डॉक्टरांना विचारा. गार बोटं, नेलपॉलिश, गडद मेंदी यांनीही आकडा चुकतो.

सगळ्यात घातक चूक म्हणजे आकडा खाली दिसला की घरी ऑक्सिजन देणाऱ्या मशीनचा नॉब स्वतःच फिरवणं. ही प्रेमापोटीच होते, म्हणून जास्त स्पष्ट सांगावंसं वाटतं. सीओपीडीच्या काही पेशंटच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि जास्तीच्या ऑक्सिजनने तो आणखी वाढतो. ऑक्सिमीटरला तो दिसतच नाही. स्क्रीनवर ९८ आणि माणूस मात्र गुंगीत, असं होऊ शकतं. अशा पेशंटसाठी डॉक्टर सहसा ८८ ते ९२ एवढंच लक्ष्य ठेवतात. धमनीतल्या रक्ताची एबीजी तपासणी करून ठरवलेला फ्लो (ऑक्सिजनचा प्रवाह) बदलायचा तर डॉक्टरांनीच. जोरात घोरणं आणि मध्येच श्वास थांबणं दिसत असेल तर तेही सांगा. स्लीप अ‍ॅप्निया सोबत असेल तर नुसत्या ऑक्सिजनने भागत नाही.

उलटी चूकही तितकीच सर्रास होते: ‘सवय लागेल’ म्हणून मशीन लावायचंच नाही. ऑक्सिजनची सवय लागत नाही. दिवसाही ऑक्सिजन फार कमी असलेल्यांना तो रोज किमान १५ तास घेतल्याने आयुष्य वाढतं, हे १९८० आणि १९८१ सालच्या अभ्यासांत दिसलं आहे. त्यात रात्रीची झोप धरलेलीच असते. फक्त रात्रीच उतरतो, अशांना मात्र ठोस फायदा अजून सिद्ध झालेला नाही. म्हणून शेजाऱ्याचं पाहून मशीन आणू नका.

झोप लागत नाही म्हणून गोळी, खोकल्यासाठी कोडीनचं औषध, झोपण्याआधी दारू: तिन्हींनी श्वास आणखी मंदावतो. बंद खोलीत डासांची कॉइल तर नकोच.

मशीनचा फिल्टर धुळीने भरलेला नाही ना, नळी उशीखाली दुमडलेली नाही ना, हे रोज झोपण्यापूर्वी बघा. वीज गेली तर भरलेला सिलिंडर तयार हवा. ऑक्सिजन चालू असताना त्या खोलीत विडी, समई, उदबत्ती, काहीही पेटवू नका. नाकाला व्हॅसलीन लावू नका.

ओठ निळे पडले, बोलणं असंबद्ध झालं किंवा हाक मारूनही नीट जाग येत नसेल, तर सकाळची वाट पाहू नका. ठरवलेल्या फ्लोवरच ऑक्सिजन चालू ठेवून १०८ ला फोन करा.