बडोद्यात उगाली: आधी पीठ बघा

नैरोबी, कंपालाहून परतलेल्या घरांत उगालीची, म्हणजे मक्याचं पीठ पाण्यात शिजवून केलेल्या घट्ट गोळ्याची, आठवण निघतेच. इथे ती करायला गेलं की बहुतेक वेळा पिठावरच घोडं अडतं. पांढऱ्या मक्याचं पीठ हवं. पिवळ्याची होते, पण गोडसर लागते. किराणा दुकानातलं पांढरंशुभ्र कॉर्नफ्लोअर अजिबात नको; तो नुसता स्टार्च, तपेलीत खळ तयार होईल.

दाहोद-पंचमहालकडे पांढरा मका पिकतो, तिथले रोटले त्याचेच. धान्यवाल्याकडे ‘सफेद मकाई’ मागा आणि घरघंटीवर बारीक दळा. रवाळ राहिलं तर उगाली चिरा पडून फुटते. एका वेळी किलोभरच दळा: दाण्याच्या अंकुरातलं तेल पिठात उतरतं आणि उन्हाळ्यात ते लवकर खवट होतं. केनियातल्या चाळलेल्या पाकीटबंद पिठातून अंकुर बराचसा काढलेला असतो, म्हणून ते टिकतं.

चौघांना 4 वाट्या पाणी, अडीच ते तीन वाट्या पीठ. मीठ घालत नाहीत, ते भाजीत असतं. जाड बुडाच्या तपेलीत साडेतीन वाट्या पाणी उकळा. उरलेल्या गार पाण्यात मूठभर पीठ कालवून ते ओता आणि पातळ पेज होईपर्यंत ढवळा. ही पायरी गाळून सगळं पीठ एकदम उकळत्या पाण्यात टाकलंत तर गाठी होतात, आत कोरडं पीठ राहतं. मग आच कमी करून मूठ-मूठ पीठ घाला. तपेली सांडशीने घट्ट धरा आणि लाकडी उलथन्याने गोळा कडेवर दाबत, उलटत राहा. उकडीपेक्षा हे घट्ट आणि हाताला जड. गोळा कडा सोडू लागला की झाकून मंद आचेवर 5 मिनिटं ठेवा. भाजल्या कणसाचा वास आला की झाली. कच्चं पीठ लगेच जिभेला कळतं. ताटात उपडी करा, गरमच वाढा. लिंबाएवढा घास मळून अंगठ्याने खळगा करायचा, त्यात भाजी उचलायची.

भाजी सुकुमा विकीची, म्हणजे केनियातल्या कोबीच्या जातीच्या पालेभाजीची. तिची पानं इथे सहसा मिळत नाहीत, पण फ्लॉवरचा कोवळा पाला त्याच जातीचा. हिवाळ्यात खंडेराव मार्केटमध्ये भाजीवाले तो बाजूलाच टाकतात. मधला दांडा काढा, पानं गुंडाळून अगदी बारीक चिरा. तेलावर कांदा, टोमॅटो, मग पाला, मीठ. झाकू नका, हिरवा रंग जातो. 8-10 मिनिटं पुरतात.

तपेलीला लागलेली खरवड घासत बसू नका, गार पाणी घालून ठेवा. तासाभराने आपोआप सुटते.