शोग्रेन असेल तर किडनीच्या डॉक्टरांकडे जाण्याआधी

शोग्रेन म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती लाळेच्या नि अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते तो आजार; तो किडनीलाही धरू शकतो. जुने रिपोर्ट, चालू गोळ्या, पैसे सोबत घ्या, हे सांगायला नको. आधी रक्ताचं बघा. लॅबमध्ये नुसतं 'किडनी प्रोफाइल' म्हटलं की बऱ्याच ठिकाणी युरिया, क्रिएटिनिन, युरिक ॲसिड, सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड एवढंच करतात. बायकार्बोनेट, म्हणजे रक्तातलं आम्ल आटोक्यात ठेवणारा क्षार, त्यात नसतो. ती तपासणी चिठ्ठीवर वेगळी लिहून घ्या. आईच्या वेळी माझ्याकडून नेमकं तेच राहिलं. क्रिएटिनिन (किडनी किती गाळते ते सांगणारा आकडा) नॉर्मल म्हणून आम्ही निवांत, आणि डॉक्टरांनी कागद चाळून पहिलं विचारलं, "बायकार्ब कुठंय?" परत सुई, परत नंबर.

शोग्रेनमध्ये किडनीची चाळणी बहुतेकदा शाबूत असते, सूज येते ती नलिकांच्या आजूबाजूला. मग आम्ल लघवीवाटे बाहेर टाकता येत नाही, पोटॅशियम मात्र वाहून जातं. क्रिएटिनिन बराच काळ सरळ दिसू शकतं. रक्तात आम्ल साठलं की बायकार्बोनेट उतरतं, म्हणून पुन्हा सांगते, बायकार्बोनेट. लॅबवाला म्हणेल "सगळं आलंय त्यात." नावानिशी दाखवायला सांगा.

रक्त देताना मूठ उघडझाप करू नका. त्याने पोटॅशियम खोटंच वाढतं, आणि कमी असलेलं नॉर्मल म्हणून छापून येतं. लघवी ताजी हवी. घरून डबीत भरून उन्हातून नेली की तिचा पीएच (आम्लतेचा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त) चढतो, आणि इथे बघायचं असतं तेच: रक्तात आम्ल साठलेलं असतानाही लघवीचा पीएच ५.५ च्या खाली उतरतो की नाही.

गोळ्यांच्या यादीत अंगदुखीच्या गोळ्या लिहा, किडनीला त्या सोसत नाहीत. ज्येष्ठमधही लिहा! तोंड कोरडं पडतं म्हणून दिवसभर चघळत असाल, पण त्याने पोटॅशियम उतरतं. 'ते काय औषध आहे का?' हा वाद डॉक्टरांसमोर नको.

एक दिवस लघवी मापून ठेवा, रात्री किती वेळा उठावं लागतं तेही. 'पाणी जास्त पितो म्हणून होते' हा निकाल आपला आपण लावू नका. नलिकांना लघवी घट्ट करता येत नसेल तरीही ती तीन लिटरच्या वर जाऊ शकते.

मुतखडा पूर्वी झाला असेल तर सोनोग्राफीचा रिपोर्ट न्या. रिपोर्टमध्ये किडनीत कॅल्शियम साठल्याचं लिहिलं असेल तर आधी ते पान काढा.

खायचा सोडा मनाने सुरू करू नका, पोटॅशियम आणखी घसरतं. मांड्यांतली ताकद जाऊन जमिनीवरून उठता येईना, तर अपॉइंटमेंट विसरा, थेट इमर्जन्सीत जा. नारळपाण्यावर वेळ काढू नका.

पायांवर जांभळे ठिपके, लघवीला फेस, सूज असेल तर फोटो काढून ठेवा. ते चाळणीचं दुखणं, तपासण्या वेगळ्या, त्या डॉक्टरच सांगतील. बायोप्सीचंही (सुईने किडनीचा छोटा तुकडा काढून तपासणं) तेच बघतील. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तेवढं मात्र आधीच सांगा.