ग्रुप टूरने युरोपातले किल्ले आणि जुनी शहरं बघायचीत? आधी आयटिनररी नीट वाचा

दादर-पार्ल्यात टूरवाल्यांच्या ऑफिसात गेलं की हातात गुळगुळीत ब्रोशर येतं, कव्हरवर तोच डोंगरातला पांढरा किल्ला, आणि घरातले सगळे फोटो बघूनच हो म्हणून मोकळे होतात. शहरं किती हे सगळे विचारतात, पण त्या शहरात पाय मोकळे करायला वेळ किती हे फार कोणी विचारत नाही. म्हणून फोटो बाजूला ठेवा, मागची आयटिनररी, म्हणजे रोजचा कार्यक्रम, काढा, पेन घ्या आणि एकेक दिवस वाचा. मी इथे प्राग, चेस्की क्रुमलोव, साल्झबर्ग, म्युनिक, रोथेनबर्ग असा रूट धरतेय, कारण जुनी शहरं, किल्ले आणि खेडी तिन्ही त्यात येतात, पण वाचायची पद्धत कुठल्याही टूरला तीच.

पहिलं काम, प्रत्येक ठिकाणापुढे काय लिहिलंय त्याखाली रेघ मारा. ‘प्रवेशासह’ असेल तरच तिकीट पॅकेजमध्ये आहे. ‘बाहेरून दर्शन’, ‘फोटो स्टॉप’ म्हणजे उतरा, सेल्फी काढा, चढा. ‘पॅनोरमिक’ असेल तर बहुतेक वेळा कोचच्या काचेतूनच. ‘ऑप्शनल’ म्हणजे तिथे गेल्यावर वेगळे युरो. यातलं काहीच वाईट नाही हो, पण बुकिंगच्या आधी कळलेलं बरं. ऑफिसातल्या मुलीला सरळ विचारा की प्रागच्या किल्ल्यात आत नेणार की नुसतं अंगणात फिरवणार, आणि उत्तर व्हॉट्सॅपवर किंवा ईमेलवर लेखी मागा, फोनवर सगळेच हो म्हणतात.

आता कव्हरवरचा तो पांढरा किल्ला, जर्मनीतला नॉयश्वानस्टाइन. याच्यावर जरा जास्त लिहिते कारण सगळ्यात जास्त फजिती इथेच होते. कोच खाली होहेनश्वानगाऊ गावातच थांबतो, वर जात नाही. वर जायला एक तर अर्धा-पाऊण तास चढ चालायचा, नाहीतर घोडागाडी, नाहीतर शटल बस, आणि घोडागाडी-बसनेही थेट दारात उतरत नाही, पुढे चालावं लागतंच. तिकिटावर आत शिरायची ठरलेली वेळ छापलेली असते, ती चुकली की तिकीट गेलं, टूर मॅनेजर तरी काय करणार. आत गाइडबरोबर साधारण अर्धा तास, दीडशेवर पायऱ्या चढा आणि तेवढ्याच उतरा, फोटो काढायला बंदी, मोठी बॅग न्यायला बंदी. कव्हरवरचा फोटो जिथून दिसतो तो मारियनब्रुके पूल वेगळा, किल्ल्यापासून दहा-पंधरा मिनिटं चढावर, आणि बर्फ पडला की तो बंदही करतात. म्हणजे नीट बघायला अर्धा दिवस लागतो. तुमच्या आयटिनररीत याला दोनच तास दिले असतील तर समजून जा की आत जाणं होणार नाही.

आमच्या ग्रुपमधल्या ठाण्याच्या एक काकू, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यांनी खालीच सांगून टाकलं की मी वर येत नाही. आल्पझे तळ्याच्या काठी बाकावर बसल्या, थर्मासमधला चहा काढला, पायाशी बदकं. आम्ही घामाघूम होऊन खाली आलो तर बाई ताज्यातवान्या. आईवडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी हे आधीच बोलून ठेवा, प्रत्येक किल्ला प्रत्येकाने चढायलाच हवा असं काही नाही.

आणि आपण रायगड-राजगडवाली माणसं, तर तटबंदी-बुरुज शोधायला इथे जाऊ नका. नॉयश्वानस्टाइन हा लढायचा किल्लाच नव्हे, दक्षिण जर्मनीतल्या बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग याने १८६९ साली हौसेखातर बांधायला घेतलेला महाल आहे, आत सेंट्रल हीटिंग आणि नळाचं पाणी. राजा १८८६ मध्ये गेला आणि काही आठवड्यांतच तिकीट लावून लोकांना खुला केला, काम शेवटपर्यंत अर्धवटच राहिलं. गंमत म्हणजे जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या ज्या बैठकीत आपले १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्याच बैठकीत लुडविगचे महालही गेले. खरा लढाऊ किल्ला बघायचाय तर साल्झबर्गचा होहेनसाल्झबर्ग, १०७७ मध्ये सुरुवात झालेला, आणि वर जायला १८९२ पासून फ्युनिक्युलर (रुळांवरून चढावर ओढली जाणारी गाडी) आहे, म्हणजे गुडघेवाल्यांचीही सोय. हा रूटमध्ये ‘बाहेरून’ लिहिला असेल तर मोकळ्या वेळेत स्वतः तिकीट काढून जा, वरून गाव, नदी, मागचे डोंगर सगळं दिसतं.

कोचच्या ड्रायव्हरबद्दल एक गोष्ट माहीत हवी. युरोपात त्याला साधारण दिवसाला ९ तासच गाडी चालवता येते, साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटं विश्रांती सक्तीची, आणि रात्रीची सलग विश्रांतीही ठरलेली असते. हे सगळं गाडीतल्या यंत्रात नोंदलं जातं. त्यामुळे ‘दादा, जरा इथून वळवून घ्या ना’ हे तिथे चालत नाही, आणि सकाळी तुम्ही अर्धा तास उशीर केलात तर तो अर्धा तास संध्याकाळच्या मोकळ्या वेळेतून जातो. आयटिनररीत एका दिवशी प्राग ते म्युनिक आणि वाटेत दोन गावं असं दिसलं तर गणित मांडून बघा, ते अंतरच पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास आहे.

हॉटेल कुठे आहे हे नकाशावर बघा, स्टार मोजत बसू नका. ‘प्राग किंवा जवळपास’ असं लिहिलेलं असतं, ते जवळपास म्हणजे कधी कधी हायवेच्या कडेला निघतं. का महत्त्वाचं? जूनमध्ये प्रागला रात्री नऊच्या पुढे सूर्य मावळतो. ग्रुपचं इंडियन जेवण सात-साडेसातला उरकतं आणि पुढे चांगले दीड-दोन तास उजेड, तो वेळ सगळा तुमचा. हॉटेल मेट्रो किंवा ट्रामच्या जवळ असेल तर टूर मॅनेजरला सांगून सरळ बाहेर पडा. चार्ल्स ब्रिज दुपारी म्हणजे दादरचा पूल, गर्दीने पुतळे दिसत नाहीत. नाश्त्याच्या आधी किंवा रात्री जा, १३५७ मध्ये बांधायला घेतलेला पूल आहे, अर्धा किलोमीटर लांब, दोन्ही बाजूंना ३० पुतळे. जुन्या चौकातलं १४१० चं खगोलीय घड्याळ तासाच्या ठोक्याला वाजतं तेव्हा खिडकीतून प्रेषितांच्या बाहुल्या फिरतात, तिथे तोंड वर करून उभं राहाल तेव्हा खिसा सांभाळा. आणि चेकियात युरो नाही, कोरुना चालतो, गल्लीतल्या एक्सचेंजवाल्यांच्या नादी न लागता कार्ड वापरा.

पैशाचं थोडक्यात. पॅकेजच्या आकड्यावर जीएसटी आणि टीसीएस (पैसे घेतानाच गोळा केला जाणारा कर) लागतो. टीसीएस हा तुमच्या पॅनवर जमा होतो आणि इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये वळता करता येतो, दर बजेटमध्ये बदलत असतात म्हणून त्या वेळचा विचारून घ्या. एकटे जात असाल तर सिंगल सप्लिमेंट (एकट्याच्या खोलीचे जादा पैसे) किती, तिघे असाल तर तिसरा बेड खरा की घडीचा, टिप्स आत की बाहेर, व्हिसा नाकारला तर परत किती मिळणार, हे चार प्रश्न पैसे भरायच्या आधी.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच. ६ महिने आधीपासून अर्ज करता येतो, उन्हाळी सुट्टीच्या अपॉइंटमेंट लवकर भरतात म्हणून कागद जानेवारी-फेब्रुवारीतच तयार ठेवा. इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा लागतो, पासपोर्ट परतीच्या तारखेपुढे ३ महिने तरी चालू हवा. बोटांचे ठसे एकदा दिले की साधारण पाच वर्षं चालतात. ऑक्टोबर २०२५ पासून तिकडे विमानतळावर शिक्क्याऐवजी डिजिटल नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झालीय, तेव्हा इमिग्रेशनला वेळ लागू शकतो, आजी-आजोबांना विमानातून उतरतानाच वॉशरूमला जाऊन यायला सांगा.

बॅगेचं म्हणाल तर सगळ्यात महत्त्वाचे बूट. ही सगळी गावं दगडी फरसबंदीची, चेस्की क्रुमलोवला तर कोच बाहेर ठेवून आत चालतच जायचं. नवेकोरे बूट घालून सहार विमानतळावर येऊ नका, महिनाभर आधी घेऊन एका रविवारी वसईच्या किल्ल्यात दोन-तीन तास फिरून या, कुठे चावतात ते कळेल. खाऊमध्ये चकली, खाकरा, भडंग, मेतकूट बिनधास्त न्या, पण तूप, पेढे, पनीर नको, बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला युरोपियन युनियनमध्ये मनाई आहे. हॉटेलच्या रूममध्ये फोडणी टाकायचं तर मनातही आणू नका, स्मोक अलार्म वाजला की बिल तुमच्या नावावर. नळाचं पाणी पिण्याचं असतं, बाटली भरून घ्या. हायवेवरच्या टॉयलेटला पैसे पडतात, सुटी नाणी वेगळ्या पाकिटात.

ग्रुपमध्ये राहायचं कसं, तर टूर मॅनेजर रात्री ‘उद्या सहा-सात-आठ’ म्हणतो म्हणजे सहाला वेकअप कॉल, सातला नाश्ता, आठला कोच सुटणार, आठला लिफ्टमध्ये असणं चालत नाही. सीट रोटेशन असतं ते पाळा, पहिल्या रांगेवर रुमाल टाकून हक्क सांगणारं एक कुटुंब प्रत्येक ग्रुपमध्ये असतंच, ते आपण होऊ नये. लोकल गाइड बोलत असताना तरी भाव आणि डिस्काउंटच्या गप्पा बंद.

खेडी बघायची असतील तर कोचमध्ये झोपू नका, एवढं साधं आहे. ग्रुप टूरमधला ग्रामीण भाग म्हणजे बहुतेक खिडकीतूनच दिसणारा, हिरवी कुरणं, कांद्याच्या आकाराचे चर्चचे घुमट, लाकडी बाल्कन्यांतून लोंबणारी फुलं. रोथेनबर्गला मात्र उतरवतात, तिथे बाजारात वेळ न घालवता गावाच्या तटावर चढा, वर छप्पर असलेली वाट आहे, फुकट आहे, आणि घरांच्या कौलांच्या उंचीवरून चालत जाता येतं. खरेदी रविवारवर ठेवू नका, जर्मनी-ऑस्ट्रियात त्या दिवशी बहुतेक दुकानं बंद. मोठी खरेदी केलीत तर दुकानातच टॅक्स-फ्रीचा फॉर्म भरून घ्या आणि युरोपातून निघताना शेवटच्या विमानतळावर, चेक-इनमध्ये बॅग टाकायच्या आधी, कस्टमची मंजुरी घ्या, कारण ते कधी कधी वस्तू काढून दाखवायला सांगतात आणि तेव्हा ती बॅग पुढे गेलेली असेल तर परतावा विसरा.